कारणाचा रिकामा रकाना

मला राग पटकन येतो आणि लवकर जात नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे. सकाळी माझा चेहरा बघूनच नवरा आपला चहा आपण करून घेतो. पण त्या आठवड्यातला राग नेहमीचा नव्हता. तो आधी आमच्या सरांवर होता, मग ज्या बाईचा काही दोष नव्हता तिच्यावर निघाला, आणि जिथे जायला हवा होता तिथे अगदी शेवटी पोचला. आजही हे लिहिताना माझे दात आवळले जातायत.

आमचं ऑफिस गोखिवऱ्याला. खालच्या गाळ्यात बादल्यांच्या कड्या बनतात, वरच्या मजल्यावर आम्ही. खालचं मशीन सुरू झालं की आमच्या टेबलांवरचे चहाचे कप आपोआप सरकतात. आम्ही डायलिसिस केंद्रांसाठी वेळ नोंदवण्याचं सॉफ्टवेअर चालवतो. एकाच संस्थेची अकरा केंद्रं आहेत, वसईपासून पार वरपर्यंत. कोणत्या रुग्णाने कोणत्या वारी, कोणत्या मशीनवर, किती वाजता यायचं ही सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये असते आणि तो डेटाबेस सांभाळणं हे माझं काम. अकरा वर्षं मी तेच करतेय.

हे काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. केंद्रातल्या काउंटरवर कोणी बटण दाबलं की आमचा प्रोग्राम डेटाबेसकडे एक कनेक्शन मागतो, म्हणजे बोलायला एक लाइन घेतो. काम झालं की ती लाइन परत करायची असते, की मग ती दुसऱ्याला मिळते. एका वेळी किती लाइनी उघड्या राहतील याला मर्यादा घालून ठेवलेली असते. आमच्याकडे शंभर होती. अकरा केंद्रांना शंभर लाइनी म्हणजे चैन आहे, कारण एका बटणाचं काम पापणी लवायच्या आत होतं. अट एवढीच, की घेतलेली लाइन परत ठेवायची.

एका सोमवारी सकाळी सात वाजता मी आचोळ्याहून रिक्षात बसले आणि फोन सुरू झाले. एकामागून एक सगळी केंद्रं. स्क्रीनवर एकच ओळ येत होती, ‘टू मेनी कनेक्शन्स’. मशीन धुऊन तयार, रुग्ण खुर्चीत बसलेले, पण यादीच उघडत नाही, त्यामुळे कोणाला कुठे घ्यायचं ते कळत नाही. सकाळच्या पाळीला तासभर उशीर झाला की तो उशीर दिवसभर पुढे सरकतो आणि संध्याकाळी शेवटच्या पाळीतल्या माणसाला सांगावं लागतं, उद्या या. ज्याच्या अंगात तीन दिवसांचं पाणी साठलंय, ज्याला आडवं झालं तरी धाप लागते, त्याला सांगायचं उद्या या. माझा जीव जळत होता तो यासाठी.

ऑफिसला पोचून मी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. शंभराच्या शंभर लाइनी मोकळ्या झाल्या, काम सुरू झालं. दुपारपर्यंत पुन्हा नव्वद अडकल्या होत्या.

आमचे सर म्हणजे कंपनीचे मालक. माणूस वाईट नाही, पण क्लायंटचा फोन आला की ते दिसेल ते बटण दाबायला सांगतात. ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“मॅडम, नंबर वाढवा ना. शंभर कशाला ठेवलाय? सीधा पाचशे करा.”

मी म्हटलं, “सर, लाइनी कमी नाहीयेत. कोणीतरी घेऊन परत करत नाहीये. ते आधी शोधू द्या.”

“ते नंतर शोधा. आधी क्लायंटला शांत करू.”

मी जीव तोडून समजावलं. उघडी लाइन नुसती बसून राहिली तरी सर्व्हरची मेमरी खाते. पाचशे उघडल्या तर खऱ्या कामाला जागाच उरणार नाही. शेवटी त्यांना कळेल अशा भाषेत विचारलं, “सर, केंद्रात मशीन आठ आहेत. खोलीत चाळीस खुर्च्या कोंबल्या तर चाळीस जणांचं डायलिसिस होईल का?”

“तुम्ही फार निगेटिव्ह बोलता,” ते म्हणाले.

त्या शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मर्यादा पाचशे केली, एंटर इतक्या जोरात दाबला की शेजारच्या टेबलावरच्याने मान वर केली. मंगळवारी पाचशेही भरल्या. त्यांनी हजार करायला लावल्या. पाचशेवर सर्व्हर निदान रखडत चालत होता, हजारावर त्याने मानच टाकली. बुधवारी सकाळी साडेनऊला अकराही केंद्रं बंद, आणि या वेळी मेमरीच इतकी भरलेली की पुन्हा सुरू करायलाही पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आमचे सर एसीचं तापमान कमी-जास्त करत होते.

मग मीटिंग झाली. संस्थेचे मोठे लोक, केंद्रांचे मॅनेजर, आम्ही, सगळे आपापल्या स्क्रीनवर. एकच प्रश्न, जबाबदार कोण? मी सकाळीच अडकलेल्या लाइनींची यादी काढली होती. जवळपास सगळ्या बुकिंग रद्द करण्याच्या स्क्रीनवरून आलेल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक एकाच केंद्रातल्या, फुलपाड्याच्या.

फुलपाड्याच्या काउंटरवर एक पन्नाशीच्या बाई बसत. विरारच्या पूर्वेला भातशेतीचं गाव आहे, तिथून त्या यायच्या, साडेसहाला काउंटर उघडायच्या. नोकरी कंत्राटी. मी दोन वेळा त्या केंद्रात गेले होते तेव्हा बघितलं होतं, त्यांच्या कॉम्प्युटरवर एकाच सॉफ्टवेअरच्या दहा-बारा खिडक्या उघड्या असायच्या. मी तेव्हा सांगितलं होतं की बंद करत जा. त्या म्हणाल्या होत्या, “बंद केलं आनि परत आत जाता नाय आलं तर? लोकं माझ्यासमोर उभी असतात, मॅडम.” मला तो हट्टीपणा वाटला होता.

तर त्या मीटिंगमध्ये, तीन दिवस सरांचं ऐकून घेऊन माझं डोकं फिरलेलं असताना, मी म्हणाले, “फुलपाड्याच्या काउंटरवरून कनेक्शनं अडकतायत. तिथे दहा-दहा खिडक्या उघड्या ठेवतात.” मॅनेजरने विचारलं, कोण? मी नाव सांगितलं. सरांनी सुटकेचा श्वास टाकलेला मला माइकमधून ऐकू आला. “मॅडम, हेच मेलमध्ये टाका,” ते म्हणाले, आणि मी टाकलं. चाळीस माणसांना गेलेल्या मेलमध्ये त्या बाईंचं नाव, आडनाव, केंद्र, सगळं. दुपारी कळलं, शनिवारपासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलंय.

आता खरी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय या लिहिण्याला काही अर्थ नाही. ब्राउझरच्या खिडक्या उघड्या ठेवल्याने डेटाबेसची लाइन अडकत नाही. खिडकी नुसती चित्र दाखवत बसते, लाइन फक्त बटण दाबल्यावर लागते. हे मला माहीत होतं. आमच्याकडे नवीन येणाऱ्या पोरांना पहिल्या आठवड्यात मीच ते शिकवते. पण मला कोणावर तरी ओरडायचं होतं, सरांवर ओरडता येत नव्हतं, आणि ती बाई मला सापडली.

गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला. माझा नंबर काउंटरवरच्या कागदावर चिकटवलेला असतो, अडचण आली तर म्हणून.

“मॅडम, मी काय केलं ते मला दाखवा. दाखवा, मग मी जाते. भांडत नाय मी.”

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चिडून म्हटलं, “येते. दाखवते.” रिक्षा करून फुलपाड्याला गेले तेव्हा मनात त्यांना खिडक्या मोजून दाखवायच्या होत्या, देवाशपथ.

केंद्र एका इमारतीच्या तळमजल्यावर आहे. काचेच्या दारापलीकडे आठ खुर्च्या, आठ मशीन, त्यांची एकसारखी घरघर. काउंटरच्या मागे मी माझा लॅपटॉप उघडला आणि मोबाइलच्या नेटवर डेटाबेसशी जोडून घेतला. उघड्या लाइनींचा आकडा स्क्रीनवर ठेवला. त्या वेळी बावीस होता.

“करा बंद सगळ्या खिडक्या,” मी म्हटलं.

त्यांनी एकेक करून अकरा खिडक्या बंद केल्या. आकडा बावीसच राहिला. त्यांनी पुन्हा अकरा उघडल्या. बावीस. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

तेवढ्यात एक माणूस आला. चाळिशीचा, डोकं नुकतंच भादरलेलं, हातात केंद्राची निळी फाइल. वडील गेले होते, बारावं झालं होतं. तो फाइल परत करायला आला नव्हता, तो वेगळंच सांगायला आला होता. “ताई, मोबाइलवर मेसेज येतात अजून. उद्या सकाळी सातला या म्हणून. फोन आईकडे असतो. ती दर वेळी वाचते.”

बाई उठल्या, त्याला आत बोलावलं, बसायला स्टूल दिलं. स्क्रीन त्याच्याकडे वळवला, म्हणजे एकही तारीख राहिली नाही हे त्याला स्वतः बघता यावं. गेल्या वर्षीपासून संस्थेने तीन महिन्यांची बुकिंगं आगाऊ नोंदवायला सुरुवात केलीय, आठवड्यातून तीन वेळा. उरलेली छत्तीस बुकिंगं होती. त्यांनी सगळ्यांवर खूण केली. कारणाचा रकाना आला. त्यात चार पर्याय होते. त्यांनी काहीच निवडलं नाही, रकाना रिकामा ठेवून ‘रद्द करा’ दाबलं. छत्तीसच्या छत्तीस ओळी स्क्रीनवरून गेल्या. “बघा, झालं. नाय येनार आता मेसेज,” त्या म्हणाल्या. त्याने हात जोडले.

माझ्या लॅपटॉपवर आकडा बावीसचा अठ्ठावन्न झाला.

मी तो माणूस जाईपर्यंत थांबले. दहा मिनिटं आकडा अठ्ठावन्नवरच होता. छत्तीस लाइनी घेतल्या गेल्या होत्या आणि एकही परत आली नव्हती.

“कारण का नाही भरलं?” मी विचारलं.

“त्याच्यासमोर ‘मृत्यू’ कसं दाबू मी? बापाच्या नावापुढं? स्क्रीन त्याच्याकडं वळवलेला.”

“मग ‘अन्य’ निवडायचं.”

“अन्य काय, मॅडम? मानूस गेला त्याचा. अन्य काय झालं?”

दुसऱ्या केंद्रांत लोक सर्रास ‘अन्य’ दाबतात आणि पुढचा नंबर पुकारतात. या बाई प्रत्येक वेळी स्क्रीन घरच्यांकडे वळवायच्या आणि प्रत्येक वेळी तो रकाना रिकामा सोडायच्या. सोमवारी सकाळी सर्व्हर बसला, त्याआधीच्या शनिवारी त्यांच्याकडचे तीन रुग्ण गेले होते. त्या तिघांच्या घरच्यांना मेसेज जाऊ नयेत म्हणून त्यांनी सोमवारी साडेसहाला काउंटर उघडल्याबरोबर शंभरावर बुकिंगं रद्द केली होती. मग सर्व्हर बसत-उठत राहिला तसं रद्द झालं की नाही ते कळेना, म्हणून बुधवारपर्यंत त्या तेच पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या आणि दर वेळी छत्तीस-छत्तीस लाइनी अडकत गेल्या.

मी तिथेच बसून प्रोग्राम उघडला. रद्द करण्याचा भाग फार मोठा नाही, एका स्क्रीनवर मावतो. प्रत्येक बुकिंगसाठी तो नवी लाइन घ्यायचा, बुकिंग काढून टाकायचा आणि मग कारण नोंदवायला जायचा. कारण रिकामं सापडलं की तिथेच ठेचकाळायचा, चूक गिळून पुढच्या बुकिंगकडे जायचा, आणि हातातली लाइन परत ठेवायची ओळ त्याच्यापर्यंत यायचीच नाही. शिकाऊ माणसाची चूक. अशी चूक दुसऱ्याच्या कामात दिसली तर मी त्याला सगळ्यांसमोर फाडून खाते.

वर लिहिणाऱ्याचं नाव होतं. माझं. सहा वर्षांपूर्वीचं. ते चार पर्यायसुद्धा मीच टाकले होते: बरा झाला, दुसरीकडे गेला, मृत्यू, अन्य. गोखिवऱ्याच्या खुर्चीत बसून, चहा पीत. तेव्हा एका वेळी एका आठवड्याचीच बुकिंगं असायची, दोन-तीन लाइनी अडकायच्या, रविवारी सर्व्हर आपोआप नव्याने सुरू व्हायचा आणि कोणाला काही कळायचं नाही.

मी स्वतःला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण राग कसला आला होता ते लिहिते. चूक झाली याचा नव्हता, चुका होतात. तीन दिवस मी सरांना ओरडून सांगत होते की आधी शोधा, कोण लाइन घेऊन बसलंय ते शोधा. आणि शोधायची वेळ आली तेव्हा मी एका कंत्राटी बाईचं नाव वाचून थांबले. पुढे एक क्लिक केलं असतं तर माझं नाव दिसलं असतं. ते क्लिक मी केलं नाही, कारण मला हवं ते मिळालं होतं.

दुरुस्ती तासाभरात झाली. सगळ्या बुकिंगांसाठी एकच लाइन घ्यायची, काम जमो वा बिघडो, शेवटी ती परत ठेवायचीच. मर्यादा मी हजारावरून साठवर आणली आणि जास्त माणसं आली तर त्यांनी क्षणभर रांगेत थांबावं अशी सोय केली. त्या संध्याकाळी अकरा केंद्रं चालू असताना बारा लाइनींच्या वर आकडा गेला नाही. सर्व्हर इतका हलका चालला की फुलपाड्याहून कोणीतरी विचारलं, नवीन मशीन घेतलं का?

बाईंना मी तिथेच सांगितलं होतं की चूक माझी आहे. त्या एवढंच म्हणाल्या, “मंग सांगा त्यांना.”

सरांना सांगितलं. ते खूश झाले. “वा मॅडम, सापडलं म्हणजे झालं. क्लायंटला ऑप्टिमायझेशन केलं म्हणून कळवतो.”

“सर, ती बाई?”

“ते त्यांचं इंटर्नल मॅटर आहे. कंत्राटदाराने दुसरी मुलगी पाठवलीय ऑलरेडी. आता आपण कशाला वाकड्यात शिरायचं? आपलीच चूक होती असं लिहिलं तर पुढच्या वर्षीचं काम जाईल.”

शुक्रवारी त्यांचा मेल गेला, संस्थेतल्या दोन माणसांना. कामाचा वेग वाढवण्यासाठी तांत्रिक सुधारणा केल्या आहेत, सहकार्याबद्दल आभार. मी तो वाचला आणि, खरं सांगते, क्षणभर मला बरंच वाटलं. माझंही नाव त्यात नव्हतं.

शनिवारी सकाळी मी बाईंना फोन केला. त्या घरीच होत्या. नालासोपाऱ्याच्या दुसऱ्या एका दवाखान्यात काउंटरची जागा आहे म्हणून आदल्या दिवशी विचारायला गेल्या होत्या. तिथला माणूस म्हणाला होता, सिस्टिम बंद पाडली ती तुम्हीच ना? चाळीस माणसांना गेलेला मेल चाळीस माणसांपाशी थोडाच थांबतो.

माझं डोकं फिरलं, आणि या वेळी ते योग्य दिशेने फिरलं. मी म्हटलं, “ताई, थांबा. मी मेल लिहिते. त्याच चाळीस जणांना. लिहिते आणि तुम्हाला वाचून दाखवते.” फोन तसाच चालू ठेवून लॅपटॉप उघडला. नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, नोकरी जाईल. मी म्हटलं, दार लाव.

दहा मिनिटांत लिहून झालं. मी मोठ्याने वाचलं. बुधवारच्या मेलमध्ये दिलेली माहिती चुकीची होती. काउंटरवरील कर्मचाऱ्याचा या अडचणीशी काहीही संबंध नाही. प्रणालीतील जुन्या त्रुटीमुळे कनेक्शन्स अडकत असल्याचे तपासाअंती आढळून आले आहे. झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत.

मी माउस ‘पाठवा’वर नेला.

“ताई, पाठवू?”

“ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “चूक कोनाची ते नाय लिवलं त्यात.”

“प्रणालीची लिहिलंय ना.”

“ती कोन? माझ्या वेळी तर नाव लिवलं होतं, मॅडम.”

मी शेवटच्या दोन ओळी खोडल्या. तिथे चूक करणारी म्हणून माझं नाव लिहिलं, आडनावासकट, जसं त्यांचं लिहिलं होतं, आणि त्यांना वाचून दाखवून पाठवून दिलं.